काळुंके साहेबांनी काढलेला भाव

काळुंके साहेब कोणाच्याही घरी पहिल्यांदा गेले, की खुर्चीवर बसण्याआधी भिंतीजवळ जात. वाकून, जमिनीपासून हातभर उंचीवर, तळहात भिंतीला सपाट टेकवत आणि थोडा वेळ तसाच ठेवत. आई तापलेल्या पोराच्या कपाळावर ठेवते तसा. "कोरडी आहे," असं ते म्हणाले, की घरमालकाला उगीचच बरं वाटे. "ओल धरून राह्यली," म्हणाले, की त्या घरातल्या चहाची चव जाई. एकदा पुतण्यासाठी मुलगी पाहायला भोकरदनला गेले असता त्यांनी मुलीकडच्यांच्या बैठकीत हेच केलं आणि "पश्चिमेकडून पाणी येऊन राह्यलं तुमच्या," असं मुलीच्या वडिलांना सांगितलं. लग्न जमलं, पण त्यानंतर कोणत्याही बैठकीला त्यांना कोणी पुढे बसवलं नाही.

सई, परवा फोनवर तू विचारलंस, "आजी, त्या तळ्याकाठच्या घराला किती ऑफर द्यायची? त्या रस्त्यावर इतक्या वर्षांत घरच विकलं गेलेलं नाही, तर तुलना करायची कशाशी?" तुझ्या निशांतने लगेच मला कसला तरी तक्ता पाठवला. तुमच्याकडे परदेशात शेजारचं घर कितीला गेलं ते फोनवर दिसतं म्हणे. मी म्हटलं, विचार करून सांगते. विचार करायला बसले आणि काळुंके साहेबांशिवाय दुसरं काही सुचेना. तुम्ही दोघं त्यांना कधी भेटला नाहीत. म्हणून त्यांच्याबद्दलच लिहिते. हे वाचून तुम्हाला आकडा सापडेल असं मात्र समजू नका.

मला क्रमाने लिहायची सवय आहे, तेव्हा आधी जागा सांगते. अंबडमधलं आपलं घर तुम्हाला माहीत आहे. त्याच्या डाव्या हाताला, आपल्या घराला लागून, सुमनकाकूंचं घर होतं. दोन्ही घरांत एकच भिंत, सामाईक. त्याच्या पलीकडे कोपऱ्यावरचं घर, मोठ्या अंगणाचं. सुमनकाकू विधवा झाल्यावर मुलीकडे नांदेडला गेल्या आणि घर काळुंके साहेबांना भाड्याने दिलं. ते पाटबंधारे खात्यात इंजिनिअर होते. धरणांच्या, कालव्यांच्या खर्चाचे अंदाज काढणं हे त्यांचं काम. बदली झाली तरी कुटुंब अंबडलाच राही आणि ते शनिवारी एसटीने येत. ते आणि त्यांच्या पत्नी विमलताई, दोघंच. मूलबाळ नव्हतं. भाडेकरू म्हणून आलेली ही माणसं तीस-एक वर्षं तिथेच राहिली.

भाडं जवळजवळ वाढलंच नाही. सुमनकाकू म्हणत, "घर झाडलोट केलेलं राहतं, अजून काय पाहिजे मला?" त्याच्या बदल्यात म्हणा किंवा स्वभाव म्हणून म्हणा, साहेबांनी त्या घरात स्वतःच्या पैशाने बरंच काही केलं. मागच्या खोलीवर पत्रे होते तिथे स्लॅब टाकला. अंगणात बोअर घेतलं. आणि आपल्या सामाईक भिंतीला लागून न्हाणीघर बांधलं, कमरेच्या वरपर्यंत पांढऱ्या टाइल्स लावलेलं. त्या टाइल्स त्यांनी स्वतः लावल्या, गवंड्याला नुसता माल कालवायला ठेवला. न्हाणी वापरात आल्यावर कित्येक दिवस ते सकाळी आमच्याकडे येत, आमच्या बाजूने त्या भिंतीला तळहात लावून पाहत आणि माझ्याकडे वळून सांगत, "मॅडम, तुमच्याकडं काही येत न्हाई." मी इंग्रजीची प्राध्यापक. शब्दांना कोरडं म्हणायची मला सवय होती; भिंत कोरडी असल्याचा एवढा आनंद मी दुसऱ्या कोणाच्या तोंडावर पाहिला नाही.

साहेब निवृत्त झाले त्याच सुमाराला नांदेडहून निरोप आला. जावयाच्या मनात घर विकायचं होतं, पण काकूंनी अट घातली: आधी काळुंक्यांना विचारायचं. फोन स्पीकरवर होता आणि मी तिथेच बसले होते, म्हणून ते बोलणं मला जसंच्या तसं आठवतं.

"काळुंके, घर तुम्हीच घ्या," काकू म्हणाल्या.

"घेतो की. किती द्यायचे, सांगा."

"मला काय कळतंय त्यातलं? आकडा तुम्हीच काढा. सरकारचे आकडे काढत होते, माझा एक काढा. तुम्ही सांगाल तो मला कबूल."

साहेबांनी फोन खाली ठेवला तेव्हा विमलताई आनंदाने चहा टाकायला उठल्या. ते मात्र आढ्याकडे बघत बसले होते.

मी त्यांना सरळ सांगितलं, "थोडा कमी आकडा सांगा, साहेब. त्या वर येतील, तुम्ही थोडे वर जा. व्यवहार असाच होतो."

"त्या वर येणार न्हाईत, मॅडम," ते म्हणाले. "त्या हो म्हणतील. तीच तर पंचाईत आहे. समोरचा भांडणारा असला, तर माणूस चुकीचा आकडा बोलू शकतो. समोरचा सुधारतो. इथं सुधारायला कुणीच न्हाई."

तुझी अडचण आणि त्यांची अडचण, सई, इथपर्यंत सारखीच होती. आमच्या गल्लीत घरं विकली जात नव्हती. आजोबाकडून बापाकडे, बापाकडून मुलाकडे जात. तरी साहेबांनी शोध घेतला आणि तीन व्यवहार सापडले. एका घरात बहिणीने भावाच्या नावे हक्कसोड करून दिली होती आणि त्या बदल्यात तिला एक साडी मिळाली होती. साहेब म्हणाले, "साडीवरून घराचा भाव काढू म्हणता? काढला असता, पण साडीसुद्धा बरी नव्हती म्हणे." दुसरं घर एका माणसाने बायकोच्या आजारपणात घाईने विकलं होतं. तो आकडा कागदावर स्पष्ट होता. मी म्हटलं, हा घ्या. त्यांनी मान हलवली. "हा घराचा भाव न्हाई मॅडम. दवाखान्याचा आहे." सरकारी रेडी रेकनरचा दर होता, पण तो अख्ख्या पेठेला एकच, आणि कोपऱ्यावरचं घर व बोळातलं घर त्याला सारखंच. उरला तिसरा व्यवहार, कोपऱ्यावरच्या घराचा. तो सगळ्यांत जुना, पण खरा. घेणारा आणि देणारा, दोघंही गुरांचे व्यापारी होते. त्यांनी तो गुरांच्या बाजारासारखाच केला होता, रुमालाखाली. म्हणजे मधला दलाल दोघांचे हात रुमालाखाली घेतो, बोटं धरून आकडे सांगितले जातात, आणि बाहेर उभ्या असलेल्यांना काही कळत नाही. रजिस्ट्रीत लिहिला होता तो आकडा नावापुरता. खरा त्या रुमालाखाली राहिला.

ते मधले दलाल, रशीदचाचा, तेव्हा हयात होते. साहेब मला म्हणाले, "तुम्ही चला, मॅडम. त्यांची नात तुमच्याकडं शिकली. तुमच्यासमोर टाळणार न्हाईत." आम्ही गेलो. चाचा दारात बाजेवर बसले होते, दृष्टी अधू झालेली. साहेबांनी आधी त्यांच्या भिंतीला हात लावला, मग विषय काढला.

"चाचा, कोपऱ्याच्या घराच्या सौद्यात तुम्हीच होते ना?"

"हौ. मैंच था बीच में."

"कितीला गेल्तं?"

चाचा हसले. "साब, वो रुमाल के नीचे की बात है. देनेवाला गया, लेनेवाला गया. मेरे पास रखी हुई चीज है, मेरी नहीं."

"मला गरज आहे, चाचा. कुणाचं नुकसान व्हायला नको म्हणून विचारून राह्यलो."

चाचांनी खांद्यावरचा रुमाल काढला. "हाथ लाव इधर," म्हणाले, आणि साहेबांचा हात आपल्या हातात घेऊन त्यावर रुमाल टाकला. "अब बोलो. तुम्हारे घर का क्या देते?"

मी पाहत होते. रुमाल जसाच्या तसा पडून राहिला. खाली एकही बोट हललं नाही. बराच वेळ गेला तसे चाचा म्हणाले, "हाथ ठंडा पड गया साब तुम्हारा."

"आकडा अजून निघाला न्हाई, चाचा."

"निकलता नहीं साब. बोलना पडता."

परतताना साहेबांनी बसस्टँडजवळ थांबून मोसंबी घेतली, तीही गाडेवाल्याने सांगितलेल्या भावात. मी म्हटलं, "निदान इथे तरी घासाघीस करा." ते म्हणाले, "बराबर सांगितलं त्यानं. उगीच कशाला?" बराबर हा त्यांचा शब्द होता. भाजी बराबर, उतार बराबर, उत्तर बराबर. "हे बराबर न्हाई," असं ते एखाद्या गोष्टीबद्दल म्हणाले, की मग ती त्यांच्या गळ्याखाली उतरत नसे.

त्यानंतर ते स्वतःच भाव काढायला बसले. न्हाणीसमोरच्या शहाबादी फरशीवर खडूने. जागेचा वेगळा, बांधकामाचा वेगळा. भिंत किती जाड, दगड कुठला, लाकूड कोणतं, स्लॅबचं वय काय. आणि प्रत्येकातून घसारा वजा, म्हणजे वस्तू जुनी झाली म्हणून किमतीत करायची घट. संध्याकाळपर्यंत फरशी भरून जाई आणि सकाळी विमलताई फडकं मारून घराचा भाव पुसून टाकत. "रोज नवा भाव लिहितेत," त्या मला दाराशी सांगत. "मी रोज पुसते. सरकारी धरण असतं तर एवढ्यात बांधून, भरून, फुटूनसुद्धा गेलं असतं."

एका दिवशी पुसता पुसता त्या थांबल्या. मला हाक मारली. "मॅडम, जरा या. हे वाचा." फरशीवर लिहिलं होतं: स्लॅब. बोअर. न्हाणी, टाइल्ससह.

"आवं, हे आपण केलेलं आहे," विमलताई त्यांना म्हणाल्या. "आपल्याच न्हाणीचे पैसे आपणच परत द्यायचे का?"

"न्हाणी त्यांच्या जागेत आहे."

"टाइल्स माझ्या पाटल्यांच्या आहेत."

"भाडं वाढवलं न्हाई त्यांनी, विमल. तीस वर्षं. त्याच्यात फिटलं ते. आज घर जसं उभं आहे तशी त्याची किंमत. कुणी काय लावलं ते घराला कळत न्हाई."

"मला कळतं," विमलताई म्हणाल्या, आणि ती एक ओळ न पुसता आत गेल्या. मी त्यांच्याच बाजूची होते आणि तसं बोललेही. साहेबांनी माझं ऐकून घेतलं, खडू उचलला आणि टाइल्सचा घसारा थोडा वाढवला. तेवढीच सूट त्यांनी आयुष्यात स्वतःला दिली असेल. दुसऱ्या दिवशी तीही रद्द केली.

शेवटी भाद्रपदात, गणपती उठल्यावर, आकडा निघाला. मी तो इथे लिहीत नाही. तुमच्या चलनात तो तुम्हाला हास्यास्पद वाटेल आणि आमच्या चलनात तो त्यांचं सगळं होतं. निवृत्तीचे पैसे आणि विमलताईंच्या माहेरच्या जमिनीचा हिस्सा मिळून तो जेमतेम बसत होता. त्या संध्याकाळी ते आमच्या ओट्यावर आले तेव्हा मला दहा वर्षांनी तरुण वाटले. "बराबर निघाला, मॅडम. काकूचं नुकसान न्हाई, आमचंही न्हाई. उद्या नांदेडला जातो."

पण दुसऱ्या दिवशी पितृपक्ष लागत होता. विमलताईंनी अडवलं. "पित्रात घराचं बोलत न्हाईत. काकूंना पण आवडायचं न्हाई. सर्वपित्री होऊ द्या, घटाला जा." साहेबांचा या गोष्टींवर विश्वास नव्हता, पण इतक्या वर्षांत विमलताईंनी मागितलेली ही एवढीच सवलत असावी. इतके महिने थांबलो, अजून पंधरवडा काय, असं म्हणून ते थांबले. आपल्याकडे कोणीही हेच केलं असतं. पितृपक्षात नवं कापडसुद्धा घेत नाहीत, घर कुठलं.

जालन्याच्या एका डॉक्टरांना पितृपक्षाचं काही वाटत नव्हतं. त्यांना अंबडमध्ये दवाखाना काढायचा होता, रस्त्याला लागून जागा हवी होती, आणि पित्रात गिऱ्हाईक नसतं म्हणून व्यवहार लवकर होतो हेही त्यांना माहीत असावं. त्यांनी कोपऱ्यावरचं घर घेतलं. रोखठोक, उघड, रजिस्ट्रीत खरा आकडा लिहून. गल्लीतली पहिली विक्री, जी अडचणीपोटी नव्हती आणि जिचा भाव सगळ्यांना कळला. वर्षभर साहेब हेच म्हणत होते, "एक तरी खरी विक्री होऊ द्या या गल्लीत, मंग मी सांगतो." ती झाली, आणि तिने त्यांचा आकडा खोटा ठरवला. जवळजवळ दुप्पट भाव होता.

त्या दुपारी मी त्यांच्याकडे गेले. ते फरशीवर उकिडवे बसले होते, खडू हातात, फरशी कोरी.

"आपला आकडा पित्राच्या आधीचा आहे," विमलताई म्हणत होत्या. "तोच सांगा."

"तेव्हा बराबर होता तो."

"काकूला कुणी सांगितलंय कोपऱ्याचं?"

"मी सांगणार न्हाई का?"

विमलताई मग अगदी सावकाश म्हणाल्या, "मीच थांबवलं तुम्हाला." ते म्हणाले, "तू न्हाई थांबवलं. मीच वर्षभर थांबलो." त्यानंतर त्या दोघांना मी या विषयावर एकमेकांशी बोलताना ऐकलं नाही.

घट बसले त्या दिवशी ते नांदेडला गेले. तिथे काय झालं ते त्यांनी मला परत आल्यावर ओट्यावर बसून सांगितलं, साइटवरचा अहवाल द्यावा तसं, एका सुरात. काकू आता बऱ्याच थकल्या होत्या, ऐकूही कमी येत होतं. त्यांनी साहेबांचा हात धरून जवळ बसवलं. जावई समोर होते. साहेबांनी कोपऱ्याच्या विक्रीचं सांगितलं, मग घराचा नवा आकडा सांगितला, न्हाणी, स्लॅब, बोअर सगळं धरून.

जावई चकित झाले. "काळुंके साहेब, एवढे देताय?"

"न्हाई. एवढे माझ्याकडं न्हाईत."

"मग?"

"तुम्ही भाव विचारला होता. मी भाव सांगितला."

जावई वाईट माणूस नव्हते. त्यांनी विचारलं, "तुमच्याकडे किती आहेत?" साहेबांनी तेही सांगितलं. मग जावयांनी मान खाली घातली, कारण दोन आकडे समोर आल्यावर लहान घेणं त्यांना जमणार नव्हतं. त्यांनाही मुलींची लग्नं करायची होती. साहेब उठले. काकूंनी एवढंच पाहिलं, की काळुंके आले, आकडा सांगितला, जावयाने मान तुकवली. त्यांना वाटलं, ठरलं. जाताना त्या म्हणाल्या, "वास्तुशांतीला मला न्यायला या, काळुंके. मी खाली बसून जेवीन." साहेबांनी जावयाकडे पाहिलं. जावयाने हात जोडले. साहेब काकूंना म्हणाले, "येतो."

पंधरा-वीस दिवसांनी नांदेडहून येणाऱ्या एका माणसाबरोबर काकूंनी नारळ आणि खणाचं कापड पाठवलं, विमलताईंसाठी, नव्या घराचं म्हणून. विमलताई ते घेऊन माझ्याकडे आल्या. "तुमच्याकडं ठेवा, मॅडम. आमच्याकडं वास्तू न्हाई." खण अजून माझ्या कपाटात आहे. काकू त्याच हिवाळ्यात गेल्या. घर काळुंक्यांनी घेतलं, याच समजुतीत.

घर घेतलं त्याच डॉक्टरांनी. साहेबांनी एका शब्दात खाली करून दिलं. आम्ही सगळ्यांनी समजावलं, कायदा भाडेकरूच्या बाजूचा आहे, बसून राहा, कोर्ट इथे दोन पावलांवर आहे. ते म्हणाले, "घर काकूचं होतं. बसून कुणाच्या डोक्यावर राहू?" बदनापूरला स्टेशनजवळ दोन खोल्या भाड्याने घेतल्या. सामानाचा टेंपो निघाला तेव्हा ते न्हाणीत गेले आणि बराच वेळ बाहेर आले नाहीत. मला भिंतीपलीकडून नळ सोडल्याचा आवाज आला, मग बंद केल्याचा. तोटी गळत नाही ना, ते बघत असावेत.

मी बदनापूरला एकदाच गेले. दुसऱ्या मजल्यावरच्या खोल्या, खिडकीतून फलाट दिसतो. भिंतीचे पोपडे निघालेले, वरून ओल खाली उतरलेली मला नुसत्या डोळ्यांनी दिसत होती. साहेब तिथेच पाठ टेकून बसले होते. आमचं बोलणं होईपर्यंत त्यांनी एकदाही भिंतीला हात लावला नाही. मध्येच म्हणाले, "तुम्हाला कळलं का, डॉक्टरनं कितीला घेतलं?"

मला कळलं होतं.

"आपलाच आकडा, मॅडम. पित्राच्या आधीचा. थोडासाच वर. भाडेकरू आत बसलेला आहे, काढायला वर्षं जातील, असं म्हणून भाव पाडला त्यानं. जावयाला घाई होती, दिलं." ते थांबले. "मी तर खाली करून देणार होतो. मला कुणी विचारलंच न्हाई."

मी म्हटलं, "म्हणजे तुमचा पहिला आकडा चुकीचा नव्हता."

"दुसरा बराबर होता," ते म्हणाले. "काकूला कमी मिळाले. माझ्यामुळं कमी मिळाले."

विमलताई स्वयंपाकघरात ऐकत होत्या. त्या बाहेर आल्या नाहीत. चहा त्यांनी आतूनच पुढे सरकवला.

पुढच्या उन्हाळ्यात साहेब गेले. दुपारी जेवून पडले ते उठलेच नाहीत. बदनापूरला त्यांना ओळखणारी माणसं फार नव्हती. अंबडहून आम्ही काही जण गेलो. रशीदचाचांना नातवाने मोटारसायकलवर आणलं होतं. त्यांनी साहेबांचा हात हातात घेतला, थोडा वेळ धरला आणि खाली ठेवला.

सई, तू मला आकडा विचारलास. अजूनही माझ्याकडे तो नाही. साहेब असते तर त्यांनी तुला नक्की सांगितला असता, आणि तो बरोबर असता, आणि त्या तळ्याकाठी दुसरं कोणीतरी राहायला गेलं असतं. यातून काय शिकायचं ते मला खरंच कळत नाही. चांगल्या माणसाचं शेवटी भलं होतं, असं तुम्हाला लिहायला मला आवडलं असतं. निशांतचा तक्ता मी जपून ठेवला आहे. त्यात एक रकाना कमी आहे, पण त्याला काय नाव द्यावं हे मलाही सुचत नाही.

डॉक्टरांनी ते घर पाडलं आणि तिथे गाड्या लावायची जागा केली. आपली भिंत सामाईक, म्हणून ती तेवढी ठेवावी लागली. तिच्या पलीकडच्या अंगावर अजून न्हाणीच्या पांढऱ्या टाइल्स आहेत, कमरेच्या वरपर्यंत, उघड्या उन्हात. खाली मोटारी उभ्या राहतात. दवाखान्यात आलेली माणसं त्यांच्याकडे बघत नाहीत.

मागच्या महिन्यात विमलताई पेन्शनच्या कुठल्याशा कामाला अंबडला आल्या होत्या. मला म्हणाल्या, "चला, बघून येऊ." आम्ही दोघी गाड्यांच्या मधून वाट काढत भिंतीपाशी गेलो. त्या वाकल्या, गुडघा दुखत असावा, मोटारीचा आधार घेतला. जमिनीपासून हातभर उंचीवर तळहात टेकवला आणि ठेवला.

"कोरडी आहे," म्हणाल्या.

मग हात न काढताच विचारलं, "मॅडम, शेवटच्या आकड्यात या टाइल्सचे धरले होते त्यांनी?"

"धरले होते."

"घसारा वजा करून?"

"हो. वजा करून."

विमलताईंनी हात काढला, पदराला पुसला. "मंग बराबर आहे," म्हणाल्या, आणि बदनापूरची एसटी गाठायला निघाल्या.